टेकवलेली खुर्ची

आपली मेलेली बायको संग्रहालयाच्या भिंतीवर टांगलेली दिसली तेव्हा ऑर्विल टटलचं लक्ष आधी गेलं ते चौकटीकडे. चौकट हलकी होती. साध्या पाइनला वरून अक्रोडाचा रंग मारलेला, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात सांधा फाकलेला. सगळा जन्म मेलेल्या माणसांच्या घरांत शिरून त्यांच्या सामानाची किंमत लावण्यात गेला; डोळा आधी लाकडावर जाणार आणि मग माणसावर, हे ठरलेलंच. मग माणूस दिसलं. तपकिरी टोपी, जरा मागे सरकलेली. हिरवा कोट, अंगात न घातलेला, नुसता खांद्यांवर टाकलेला, आणि त्याची मखमली कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. ती कॉलर नीट कर म्हणून त्याने तिला किती वेळा सांगितलं असेल. हात आपोआप पुढे गेला, आणि दाराशी बसलेला पहारेकरी खाकरला. ऑर्विलने हात खिशात घातला आणि तिथेच ठेवला, दुसऱ्याची वस्तू उचलताना सापडल्यासारखा.

चित्रं बघायला तो आलाच नव्हता. हेस्टर गेल्या वसंतात गेली, तेव्हापासून रविवार फार लांबायला लागले होते. न्यूयॉर्कमध्ये थंडीच्या दिवसांत रविवारी फुकट ऊब मिळण्याच्या जागा दोनच, चर्च आणि संग्रहालय, आणि चर्चमध्ये लोक विचारपूस करतात. म्हणून तो इथे यायचा, वाफेच्या गरम पाइपांजवळच्या बाकावर बसायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची मनातल्या मनात किंमत लावायचा. हा कोट उलटवून शिवलेला. ही बाई श्रीमंत नाही, श्रीमंताकडे कामाला आहे. हा मुलगा चित्राकडे बघतोय ते शेजारची मुलगी आपल्याकडे बघते का ते बघायला. असा वेळ बरा जायचा. आज पाइपांजवळचा बाक कुणीतरी अडवला होता, म्हणून तो पलीकडच्या दालनात गेला, एवढंच घडलं.

चित्र मोठं होतं. चित्राची पार्श्वभूमी म्हणजे सहाव्या अव्हेन्यूवरच्या ऑटोमॅट खानावळीची ती भिंत: काचेच्या छोट्याछोट्या दारांच्या ओळीवर ओळी, प्रत्येक दारामागे दिवा, प्रत्येक दिव्याखाली एक बशी. नाणं टाका, मूठ फिरवा, दार उघडतं. वाढपी नाही, कुणाशी बोलायला नको. भिंतीच्या पुढे संगमरवरी टेबल, टेबलावर एक कप आणि उकडलेल्या घेवड्याचं मातीचं भांडं, वरचा पापुद्राही न मोडलेलं. भिंतीकडे पाठ करून बसलेली हेस्टर. ती कपाकडे बघत नव्हती, आपल्याकडेही बघत नव्हती. आणि अलीकडे, अगदी बघणाऱ्याच्या पोटाशी यावी अशी, एक रिकामी खुर्ची, टेबलावर पुढे झुकलेली, पाठीची कड संगमरवराला टेकलेली, मागचे दोन पाय हवेत. खाली पितळी पट्टीवर नाव होतं, ‘जेवणाची वेळ’, आणि चित्रकाराचं, एलायस ग्रूम.

तेवढ्यात बायकांचा एक घोळका आला. त्यांच्यापुढे संग्रहालयाची माहिती सांगणारी तरुण मुलगी होती, गळ्यात शिट्टी घातल्यासारखी ताठ. “ही खुर्ची बघा,” ती म्हणाली. “खुर्चीसुद्धा कोसळतेय. समोर बसायला कुणी नाही, कुणी येणारही नाही. आपल्या देशाच्या चित्रकलेत एकटी माणसं पुष्कळ आहेत. खिडकीतली, पेट्रोल पंपावरची, हॉटेलच्या खोल्यांतली. पण इतकी एकटी बाई मला तरी दुसरी माहीत नाही.”

ऑर्विल मोठ्यांदा हसला. आपण हसलो हे त्याला बायका वळल्या तेव्हा कळलं.

“खुर्ची कोसळत नाहीये, बाई,” तो म्हणाला. “टेकवलीय ती. ऑटोमॅटमध्ये जागा अडवायची तर खुर्ची अशीच टेकवायची. म्हणजे माणूस खाणं आणायला उठलाय, आत्ता येईल.”

“कोण माणूस?” मुलीने विचारलं.

“मी. केक आणायला गेलोय.”

बायका हसल्या. त्यांतली एक लठ्ठशी म्हणाली, “मग या की हो लवकर. बिचारी केव्हाची ताटकळलीय.” मुलगी म्हणाली की चित्राकडे ज्याने त्याने आपापल्या नजरेने बघावं हेच चांगलं, आणि घोळका घेऊन पुढे गेली. ऑर्विलला त्याचं काही वाटलं नाही. उलट हेस्टर गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. केकचे खण भिंतीच्या उजव्या टोकाला असायचे. आधी सूप, मग घेवडा, मग पाव, आणि केक सगळ्यात शेवटी. चित्राची चौकट पावापाशी संपत होती. म्हणजे तो होता. चौकटीच्या फक्त हातभर बाहेर, मुठीत नाणी घेऊन उभा होता. ही सगळी शहाणी माणसं इतकी वर्षं हेस्टरची कीव करत या चित्रापुढून गेली आणि एकालाही कळलं नाही की ती मजेत नवऱ्याची वाट बघतेय. बाजारात खोटं समजून टाकून दिलेलं खरं मेहॉगनी लाकूड हाती लागावं तसं त्याला झालं. किती वेळ तो तिथे तसाच उभा राहिला कोण जाणे.

“खरंच का ती तुमची मंडळी?”

मागच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. पायात रबरी ओव्हरशूज, मांडीवर पिशवी, तोंडात लिंबाची गोळी. ऑर्विलने सवयीने तिला एका नजरेत मांडून टाकलं: अविवाहित, पेन्शन, एका खोलीत राहते, मांजर आहे.

“हेस्टर,” तो म्हणाला. “गेली ती गेल्या वर्षी.”

“छान दिसते. मी टेलिफोनच्या कचेरीत होते, तिथून जवळच. रात्रीचं जेवण माझं कायम ऑटोमॅटमध्ये. तुम्ही खुर्चीचं बरोबर सांगितलंत. आता पोरींना काय माहीत.” गोळी तिने एका गालातून दुसऱ्या गालात नेली. “मीही टेकवायची. आम्ही सगळ्याच टेकवायचो.”

“तुमचं कोण यायचं?”

“कोण कशाला यायला हवं? कुणी येऊ नये म्हणून टेकवायची. एकटी बाई दिसली की एखादा सूपचा वाडगा घेऊन समोर बसणारच, आणि आपल्या पोटाची तक्रार सांगणार. खुर्ची टेकवली की झाला नवरा तयार. बोलत नाही, घोरत नाही, पानात काय टाकलं ते बघत नाही.” ती स्वतःशीच हसली. “माझा पुष्कळ टिकला.”

ऑर्विलने टोपी उचलून तिला नमस्कार केला आणि निघाला. जिन्यावर त्याला वाटलं आपण काहीतरी वर विसरलो. हातमोजे होते. मफलर होता. रस्त्यावर नदीवरून येणारा वारा तोंडावर बसला तेव्हा कळलं, ते मघाचं सैल झालेलं वरच राहिलं होतं.

घर तेविसाव्या रस्त्यावर, दोन खोल्यांचं. तो दिवा न लावता बसला. गोष्ट साधी होती. गुरुवार त्यांचा होता, त्या दिवशी दोघं मिळून ऑटोमॅटमध्ये जेवायची. इतर दिवशी तो लाँग आयलंडला नाहीतर नदीपलीकडे जर्सीत, कुणाच्यातरी संपलेल्या संसारातल्या गाद्या उलटून बघत असायचा, आणि घरी यायला उशीर व्हायचा. हेस्टर टोप्यांच्या दुकानात फिती आणि पिसं लावायची, तिचं काम संध्याकाळी सुटायचं. “तू जेवलीस?” तो आल्यावर विचारायचा. “खाल्लं काहीतरी,” ती म्हणायची. कुठे, काय, कुणाबरोबर, हे त्याने विचारलं नाही. ज्या गोष्टीची किंमत लावायला कुणी सांगितलं नाही ती उलटून बघायची नाही हा धंद्याचा नियम. आता तो नियम आडवा आला होता. चित्र गुरुवारचं असेल तर हेस्टर एकटी नव्हती, आणि ऑर्विल टटल हा तिचा नवरा होता. इतर कुठल्या वाराचं असेल तर तीही त्या म्हातारीसारखी एका खुर्चीशी संसार करत होती, आणि तिला नुसतं बघून एक अनोळखी चित्रकार जे समजला ते ऑर्विलला समजलं नव्हतं. तिसरं काही नव्हतं. म्हणजे तिसरंही एक होतं, की ती खुर्ची आणखी कुणासाठी टेकवलेली होती. पण त्यावर तो फार थांबला नाही. हेस्टरला तो ओळखत होता. आणि हे मनात आल्याबरोबर तो घाबरला, कारण ओळखत होता म्हणजे काय, हे त्याला नीट सांगता येईना.

कोट. त्याने त्या कोटाचा आधार घेतला. गुरुवारी हेस्टर कोट कधी खुंटीला टांगत नसे. खांद्यांवर टाकून बसायची. “काढ की तो,” तो म्हणायचा, “इथे पाव भाजता येईल एवढी ऊब आहे.” “मला गार वाटतं, ऑर्विल.” चित्रात कोट खांद्यांवर होता. म्हणजे चित्र गुरुवारचं. त्याला हायसं वाटलं, आणि ते पुरतं वाटून व्हायच्या आत दुसरा विचार आला, की इतर दिवशी ती कोटाचं काय करायची हे आपल्याला कुठे माहीत आहे. पुरावा एका बाजूचा होता. एका खुर्चीवरून सहा खुर्च्यांच्या संचाची किंमत लावणारे लोक त्याने पाहिले होते. त्यांना तो हसत असे.

मग गुरुवार आठवत बसणं हेच काम झालं. सोमवारी लिलावघरात एक आरसा बघता बघता, मंगळवारी बसमध्ये. खुर्ची टेकवायची, मुठीत नाणी घ्यायची, आणि “बस, तुला आज सगळ्यात जाड तुकडा आणतो” म्हणून उठायचं. या कामात तो वाकबगार होता. लोक पहिलं दिसेल ते दार उघडतात. पण खणांच्या मागे भिंतीपलीकडे बायका उभ्या असतात, खण रिकामे झाले की अख्खा उभा पिंपासारखा कप्पा फिरतो, आणि नवा तुकडा येतो. नारळाच्या केकचा टोकाचा तुकडा बारीक असतो, मधला जाड. तो थांबायचा. दुसऱ्या कुणाला आधीचा बारीक तुकडा नेऊ द्यायचा, कप्पा फिरू द्यायचा, आणि मग नाणं टाकायचा. परत आला की हेस्टर हसायची. “बघ,” तो बशी ठेवून म्हणायचा. ती म्हणायची, “खरंच की.” मग तो खुर्ची सरळ करून बसायचा आणि तिला करमणूक म्हणून भोवतालच्या माणसांची किंमत लावून दाखवायचा. “तो खांबाशेजारचा. बूट नवे, मोजे नाहीत. नोकरी शोधतोय. ती जोडी पाहिलीस? साखरपुडा मोडणार. तिने अंगठी उलटी फिरवलीय.” हेस्टर हसायची. एकदा ती म्हणाली, “आणि मी रे? माझी काय लावशील?” त्याने मान तिरकी करून, एक डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं होतं. “स्थिती चांगली. कडांना किरकोळ झीज. मूळ मालकाकडेच राहिलेली वस्तू.” ती इतकी हसली होती की डोळ्यांना रुमाल लावला होता. ही आठवण त्याने आजवर जपून ठेवली होती. त्यांच्या संसारात विनोद होता याचा तो भक्कम दाखला होता. आता रात्री पडल्यापडल्या त्याने तो दाखला बाहेर काढून उजेडात धरला, आणि रुमालाची बाजू त्याला नीट दिसेना. रुमाल काढला होता हे नक्की. का काढला होता हे कशावरून?

आणि तिथून मन न विचारता इस्पितळात गेलं. शेवटच्या दुपारी हेस्टर बरीच हुशारीत होती. तो खाटेजवळच्या खुर्चीवर बसून पलीकडच्या खाटेवरच्या बाईला भेटायला आलेल्या पुतण्यांबद्दल हळू आवाजात बोलत होता. मृत्युपत्रावर डोळा ठेवणारी माणसं त्याला बुटांवरून कळत. हेस्टर ऐकत होती. मग ती नर्सला म्हणाली, “यांनी सकाळपासून काही खाल्लं नाही. यांना खाली जाऊन काहीतरी खाऊन येऊ द्या.” नर्स म्हणाली, “किती काळजी करतात तुमची, मिस्टर टटल.” तो खाली गेला. सँडविच घेतलं, कॉफी घेतली. परत आला तेव्हा पडदा ओढलेला होता. तिच्या शेवटच्या शब्दांत आपल्या पोटाची काळजी होती, हे तो सगळ्यांना सांगत आला होता. आज तो उठून बसला आणि अंधारात बराच वेळ खाटेच्या कडेला पाय सोडून राहिला. येऊ द्या, म्हणाली होती ती. की जाऊ द्या?

एलायस ग्रूमचा पत्ता मिळायला त्रास पडला नाही. लिलावघरात कोण कुठे राहतो आणि अजून मेला नाही हे सगळ्यांना माहीत असतं. ब्रुकलिनमध्ये, पुलाच्या अलीकडे, विटांच्या घराचा सगळ्यात वरचा मजला. जिना चढताना ऑर्विल प्रत्येक मजल्यावर थांबला. देवाकडे त्याने फारसं काही मागितलं नव्हतं आजवर. आता चौथ्या मजल्यावर कठड्याला धरून, धाप लागलेली, तो मनात म्हणत होता, गुरुवार असू दे. एवढंच. गुरुवार असू दे.

ग्रूम उंच होता, कोपरांवर फाटलेला स्वेटर घातलेला, हातात सार्डिन माशांचा अर्धा उघडलेला डबा. खोलीत एक शेगडी, एक खाट, आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. बाकीचं सगळं भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. एवढ्याशा सामानात जगणाऱ्या माणसाचं काय मांडायचं, ऑर्विलला सुचेना.

“मी किमती लावतो,” तो म्हणाला. “तुमच्या ‘जेवणाची वेळ’बद्दल थोडं विचारायचं होतं.”

“मी मेल्यावर लावा. बरी येईल.” ग्रूमने डब्याचा पत्रा आणखी थोडा गुंडाळला. “बसा. त्या खोक्यावर नको, त्यात काचा आहेत.”

ऑर्विल खाटेच्या टोकाशी बसला. “ते चित्र कुठल्या वाराचं?”

“वाराचं?”

“सोमवार, मंगळवार. आठवड्यातला कुठला वार.”

ग्रूमने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “लोक विचारतात ती कोण आहे. तिला कुणी सोडलं. एकाने तर, देव आहे का, असं विचारलं होतं. वार कुणी विचारला नव्हता.” त्याने बोटांनी एक सार्डिन उचलून तोंडात टाकला. “चित्र काय, सगळं तिथे काढत नाही मी. तिथे कागदावर खरडायचं, वर्तमानपत्राखाली लपवून, आणि मग घरी येऊन विसरायचं. जे विसरत नाही ते काढायचं. त्या हिवाळ्यात माझ्याकडे शेगडीला कोळसा नव्हता. मी रोज संध्याकाळी तिथे एका कॉफीवर बसायचो. तीही रोज यायची.”

“रोज.”

“रोज. आली की आधी समोरची खुर्ची टेकवायची. मग कोट खुंटीला, टोपी मांडीवर. घेवडा घ्यायची, पावाने भांडं पुसून खायची. टेबलं पुसणारी एक आयरिश बाई होती, तिच्याशी गप्पा. वर्तमानपत्रातली व्यंगचित्रं बघून एकटीच हसायची. पायाने ताल धरायची टेबलाखाली. मी पुष्कळ कागद घालवले तिच्यावर, काही उपयोग नाही. सुखी माणूस एकटं बसलंय, त्यात काढण्यासारखं काय आहे?”

ऑर्विलने विचारलं, “मग ते चित्र?”

“ते गुरुवारचं.”

शेगडीत काहीतरी फुटलं. ऑर्विलला जिन्यातला कठडा आठवला, हाताला गार लागलेला.

“गुरुवारी एक जण असायचा तिच्याबरोबर,” ग्रूम म्हणाला. “माझ्याकडे त्याची पाठ. ही एवढी पाठ, ती दिसायचीच नाही त्याच्यामागे. आणि बोलायचा तो सारखा. काय बोलायचा ऐकू यायचं नाही, पण बोलताना बोट असं असं करायचा, माणसांकडे. त्या दिवशी ती कोट टांगायची नाही. आपण स्टेशनवर टांगतो का? तसं. मग तो केक आणायला उठायचा. घोडा विकत घ्यावा तसा केक निवडायचा, बाबा, किती वेळ लावायचा. तेवढा वेळ मला ती दिसायची.” तो थांबला, शब्द शोधत नव्हता, बहुधा ते परत बघत होता. “तो उठला की ती चेहरा खाली ठेवायची. डोक्यावरचा भारा उतरवून ठेवावा तसा. खाली जे उरायचं ते मी काढलं. तो परत यायला लागला की पुन्हा उचलायची.”

“ती... त्याची वाट बघत असेल,” ऑर्विल म्हणाला.

“तो यायच्या आत भानावर यायची, एवढं खरं. त्याला वाट बघणं म्हणत असाल तर म्हणा.”

ऑर्विल उठला. गुरुवार मिळाला होता. मागितला तसा मिळाला होता, कडांना झीज नाही, मूळ मालकाकडचा. त्याने टोपी घातली, आभार मानले, काहीतरी किमतीबद्दल बोलला, की सध्या अमेरिकन चित्रांना मागणी आहे आणि चौकट मात्र बदलायला हवी. दार उघडून तो पहिली पायरी उतरला.

“थांबा,” मागून ग्रूम म्हणाला.

ऑर्विल थांबला. वळला नाही.

पाठीमागे डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ग्रूम हळू म्हणाला, “ही पाठ मी ओळखतो.”

खाली कुणाच्यातरी घरात रेडिओ लागला आणि बंद झाला.

“हे बघा,” ग्रूम म्हणाला, “मला चेहऱ्यातलं काही कळत नाही. लोकांना वाटतं कळतं. मला फक्त उजेड कळतो. तिच्या गालावर काचांचा उजेड होता, एवढंच होतं ते. बसा थोडा वेळ. सार्डिन आहेत.”

हे दयेचं बोलणं होतं. विधवांच्या घरात बसून त्यांच्या मोडक्या घड्याळांबद्दल ऑर्विल स्वतः असलं पुष्कळ बोलला होता, आणि त्याची काय किंमत असते ते त्याला पाठ होतं. “नको,” तो म्हणाला. “मला जेवायला जायचंय.” आणि तो सगळे मजले न थांबता उतरला.

सहाव्या अव्हेन्यूवरचं ऑटोमॅट अजून होतं. संगमरवराला चिरा गेलेल्या, निम्मे खण रिकामे, काही दारांमागचे दिवे गेलेले. माणसं बरीच होती, टोप्या घालूनच जेवत होती, आणि प्रत्येक जण आपल्या ताटलीकडे बघत होता. ऑर्विलने घेवड्याचं भांडं घेतलं आणि कॉफी घेतली. भिंतीजवळचं टेबल रिकामं होतं. तो नेहमीच्या खुर्चीकडे गेला, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग टेबलाला वळसा घालून पलीकडे, तिच्या जागेवर, भिंतीकडे पाठ करून बसला. इतक्या वर्षांत या बाजूने त्याने ही जागा पाहिलीच नव्हती. समोर दरवाजा होता, रस्ता होता, कोपऱ्यात एक टेबल होतं जिथे कुणीही बसून आपल्याकडे बघू शकलं असतं. पण खण दिसत नव्हते. ते सगळे मागे होते. नाणी पडल्याचे, मुठी फिरल्याचे, दारं आपटल्याचे आवाज मानेवर येत होते, आणि त्यांतलं नेमकं कुठलं दार कुणी उघडलं ते कळत नव्हतं.

त्याने हात लांब करून समोरची खुर्ची ओढली आणि टेकवली. तिचे मागचे पाय हवेत राहिले. थोड्या वेळाने त्याने ओव्हरकोटातून हात काढून घेतले आणि तो तसाच खांद्यांवर राहू दिला. इथे खरंच गार वाटत होतं.

ट्रे घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. दमलेली होती. ती काय करत असेल, कुठे राहत असेल, ते त्याला दिसलं नाही. त्याने बघितलं नाही.

“इथे कुणी आहे?” तिने विचारलं.

“आहे,” ऑर्विल म्हणाला. “केक आणायला गेलाय.”

“येईलच मग.”

“नाही. त्याला वेळ लागतो.”

बाई दुसरीकडे गेली. ऑर्विलने घेवड्याला हात लावला नाही. मागे, उजव्या टोकाला, तो गुरुवारचा माणूस उभा होता. काचेला नाक लावून एकेक तुकडा बघत होता, पुढच्याला बारीक तुकडा नेऊ देत होता, कप्पा फिरायची वाट बघत होता. निवडू दे त्याला. घाई काही नाही. आज केक कमी आहेत, कप्पा उशिरा फिरेल, आणखी एकदा फिरू दे, म्हणावं, याच्याहून जाड येईल. ऑर्विलने चेहरा खाली ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान हलकी झाली. टेबलाखाली त्याचा एक पाय कसल्यातरी तालावर किंचित हलायला लागला, आणि तेवढ्यात मागे शेवटचं दार आपटलं, फरशीवर पावलं वाजली, सावकाश, खात्रीची, बशी सांभाळत जवळ येणारी. ऑर्विलचा पाय थांबला. पावलं पाठीशी आली, आणि त्याने खाली ठेवलेला चेहरा चटकन उचलला.